सांध्यावरची गाठ

राग सगळ्यांनाच येतो. सरिचश्मा गावात तर जरा जास्तच येतो. पण सकाळी आलेला राग दुपारच्या चहाबरोबर उतरतो आणि संध्याकाळी तीच माणसं एका तंदुराशी रोट्या लावत बसतात. सफरमोचं तसं नव्हतं. तिनं ऐन तरुणपणी एक राग धरला आणि पन्नाशी उलटली तरी तो तिच्या घरात खाऊनपिऊन सुखी होता. नवरा गेला, लेकी नांदायला गेल्या, राग मात्र जागचा हलला नाही.

तो राग होता मिर्झोनबोतवर, तिच्या बापाच्या शागीर्दावर.

बाप म्हणजे सांगीन, सगळे त्याला उस्तो, म्हणजे उस्ताद, म्हणायचे. खोवालिंगच्या डोंगरपट्ट्यात त्याच्यासारखी कलमं बांधणारा दुसरा नव्हता. त्यानं रानटी नाशपातीच्या खुंटावर आपली एक नाशपाती तयार केली होती. दिसायला काही खास नव्हती: मुठीएवढी, तांबूस करडी, दाताखाली रवाळ आणि किंचित तुरट. पण वाळवून कुटली की तिचं तलकोन, म्हणजे पीठ, दोन हिवाळे जसंच्या तसं राहायचं. बाळंतिणीनं ते दुधात कालवून प्यायलं की तिच्या तोंडावर रंग चढायचा. निदान आमच्या बायका असं सांगतात, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी छाती नाही.

आमच्याकडे कलमाचा एक रिवाज आहे. कलम कुणाच्याही अंगणात वाढो, पहिलं फळ रुमालात बांधून कलम करणाऱ्याच्या दस्तरखानावर, म्हणजे जेवायला पसरतात त्या कापडावर, नेऊन ठेवायचं. त्यानं ते कापायचं, निम्मं स्वतः खायचं, निम्मं मालकाला द्यायचं. मगच झाड मालकाचं. मिर्झोनबोत उस्तोच्या घरी वाढला, त्याच्या ताटात जेवला, आणि लग्न करून वेगळा झाला तेव्हा त्याच नाशपातीच्या काड्या घेऊन गेला. उस्तोनंच दिल्या हौसेनं. झाडाला फळ धरलं. ते उस्तोकडे आलं नाही, जिल्ह्याच्या जत्रेत गेलं. तिथं मिर्झोनबोतनं छाती काढून सांगितलं, ही माझी नाशपाती, हिचं नाव मिर्झोनी.

त्या शरदात उस्तो रोज सकाळी दस्तरखान पसरून दाराकडे तोंड करून बसायचा. चहा गार व्हायचा. सफरमो म्हणायची, "दादो, उठा आता, नाही येणार तो." बाप म्हणायचा, "रस्त्यात असेल गं." बर्फ पडायच्या आत तो गेला. जाईपर्यंत त्यानं एक शिवी दिली नाही, म्हणून त्या सगळ्या सफरमोकडे शिल्लक राहिल्या.

वर्षं गेली. सफरमो बापाची सुरी घेऊन गावोगाव कलमं करत राहिली. मिर्झोनबोतनं खालच्या उतारावर मोठी बाग केली आणि पोटही केलं. मग दुशान्बेहून एक व्यापारी यायला लागला. त्याला फळ मोठं हवं होतं, गोड हवं होतं आणि लवकर हवं होतं. रानटी खुंटावरचं झाड फळायला मुलगी उपवर व्हायला लागावी तसा वेळ लावतं. म्हणून मिर्झोनबोतनं बेहीचे खुंट आणले. बेही म्हणजे ज्या झाडाचा बेहदाणा आपण खोकल्यावर भिजवून घेतो, ते. त्याच्यावर नाशपाती बांधली की झाड ठेंगणं राहतं, तिसऱ्या वर्षीच लगडतं आणि फळ कसं टपोरं, मधासारखं.

पण मिर्झोनबोतची झाडं फळाचा भार आला की कलमाच्या सांध्यातून मोडायची, करवतीनं कापल्यासारखी साफ. दोनदा असं झाल्यावर तो सफरमोच्या दारात आला.

"सलाम, बहिणी."

"मी कुणाची बहीण नाही. काम बोल, शागीर्द."

"अगं, दाढी पांढरी झाली माझी. अजून शागीर्दच का?"

"उस्तो व्हायला पहिलं फळ आणून द्यावं लागतं. दिलंस? मग शागीर्दच. मेल्यावर थडग्यावरही तेच लिहायला लावीन."

त्यानं गिळलं. गरज त्याची होती. "बेहीवर ही नाशपाती टिकत नाही. उस्तो टिकवायचे. मधे काहीतरी करायचे, मला कधी दाखवलं नाही. तू करून दे, तुझ्या हातानं. पहिलं फळ तुझ्या दारात आणतो. तोंडानं म्हणतो, भाकरीवर हात ठेवून म्हणतो."

 सफरमो इतकं गोड हसली की ओळखीच्या माणसानं तिथून पळच काढला असता. "करते की," ती म्हणाली.

आता ते मधलं काय होतं ते सांगतो, म्हणजे तिच्या हसण्याचा अर्थ लागेल. उस्तोची नाशपाती आणि बेही यांचं आपसात पटत नाही. दोघांना नुसतं बांधलं तर वरवर संसार चालतो, फळंही येतात, पण सांधा आतून कधी एकजीव होत नाही. तिथे एक गाठ फुगत जाते आणि एक दिवस वाऱ्यानं सगळं आडवं होतं. म्हणून उस्तो आधी बेहीवर गावातल्या जुन्या पिवळ्या नाशपातीचा वीतभर तुकडा बांधायचा आणि त्याच्यावर आपली नाशपाती. पिवळीचं दोघांशी पटतं. भांडखोर जावांच्या मधे समजूतदार नणंद असावी तशी ती सांभाळून घेते.

सफरमोनं नणंद वगळली.

उन्हाळ्याच्या अखेरीस तिनं सगळ्या बागेत डोळे भरले, म्हणजे नाशपातीचे कोंब बसवले, सरळ बेहीच्या सालीत. हात इतका सफाईदार की एकही डोळा मेला नाही. पट्ट्या गुंडाळताना ती हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होती. मिर्झोनबोतच्या बायकोला वाटलं, दुवा म्हणतेय. तिनं कौतुकानं ताक आणून दिलं. सफरमोनं त्या घरचा घोट घेतला नाही. "फळ येऊ दे, मग पिईन," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

तिसऱ्या वर्षी बाग लगडली. दोन मुठींत मावणार नाहीत अशी पिवळीधमक फळं, चावली की रस कोपरापर्यंत ओघळायचा. आणि पहिलं फळ? ते दुशान्बेच्या गाडीत बसून गेलं. व्यापारी घाईत होता म्हणे. भाकरीवर हात ठेवलेला माणूस साफ विसरला. सफरमोनं ऐकलं आणि तिला वाईट वाटलं नाही, उलट जीव थंडावला. मनात जी एक बारीकशी टोचणी होती, की बाबा, झाडांचा काय दोष, तीही गेली. आता तिला फक्त वाऱ्याची वाट बघायची होती.

वाऱ्याआधी बर्फ आलं. भर हिवाळ्यात मिर्झोनबोतची सून नसीबा बाळंत झाली. बाळ ठीक होतं, पण तिचं रक्त फार गेलं. ओठ पांढरे, उठवलं की भोवळ. खालचा रस्ता बंद. तिला तलकोन द्यायला म्हणून मिर्झोनबोतच्या बायकोनं स्वतःच्या बागेतल्या नाशपातीचं मडकं उघडलं. फोडी वाळलेल्याच नव्हत्या, गुळाच्या ढेपेसारख्या चिकटल्या होत्या आणि तळाला बुरशी. त्यातल्या बऱ्या निवडून कुटल्या आणि बीबी रुखशोनापुढे ठेवल्या. ही आमची कयवोनी, म्हणजे लग्नं, बारशी, बाळंतपणं जिच्या शब्दावर होतात ती म्हातारी. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि बाजूला थुंकली.

"हे काय? साखरपाणी?"

"आमच्या बागेतलं आहे, बीबी. सगळे गोड म्हणतात."

"गोड आहेच. गोडानं बाळंतीण उठते का? तुझ्या झाडांची पानं भर उन्हाळ्यात पिवळी पडतात ती मी बघते ना येता-जाता. आपली माती पांढरी, चुन्याची. बेहीचं मूळ वरवर चरतं, त्याला हिच्यातून काही ओढता येत नाही. झाडच उपाशी, ते तुझ्या सुनेला काय देणार? रानटीचं मूळ खडक फोडून खाली जातं आणि जे मिळेल ते वर आणतं. उस्तो सांगीनच्या अंगणातलं झाड अजून उभं आहे. तिथलं आणा."

मिर्झोनबोत गुडघाभर बर्फ तुडवत वर आला. सफरमोनं दार उघडलं. त्याचं तोंड बघूनच तिला कळलं, हा मागायला आलाय, आणि तिला जो आनंद झाला तो लपवायचा तिनं मुळीच प्रयत्न केला नाही.

"ये शागीर्द. वाट चुकलास?"

"नसीबासाठी तलकोन हवंय. मूठभर दे." त्याच्या मिशांवर बर्फ होतं. "मला काय बोलायचं ते बोल, पण आधी दे."

आमच्याकडे कयवोनीनं ज्या झाडाचं नाव घेतलं त्याचं तलकोन बाळंतिणीला नाकारता येत नाही आणि विकताही येत नाही. उद्या वैरी मागायला आला तरी द्यायचं. सफरमोला हे पाठ होतं. तिनं मडकंच उचलून त्याच्या हातात दिलं.

"त्या पोरीशी माझं वैर नाही. सगळं ने. याचं मोल मी मागत नाही. तुझं जे द्यायचं राहिलंय ते मागते. येत्या शरदात फळ रुमालात बांधून, सगळ्या गावासमोर, या दारात यायचं. आणि तोंडानं म्हणायचं, नाशपाती कुणाची."

"म्हणतो."

"भाकरीवर हात नको ठेवूस. तुझ्या नातवाच्या डोक्यावर ठेव."

तो थरकला. पण म्हणाला, "ठेवतो."

नसीबा हळूहळू सावरली. नवरोजला ती बाळाला घेऊन अंगणात उन्हाला बसलेली गावानं पाहिली. आणि शरदात मिर्झोनबोत खरंच आला. नवा चापान, म्हणजे लांब डगला, घातलेला, हातात रेशमी रुमाल, कडेवर नातू, मागे बीबी रुखशोना आणि सगळा गाव. दस्तरखानावर फळ ठेवून, नातवाच्या डोक्यावर हात ठेवून तो खणखणीत आवाजात बोलला, "ही नाशपाती उस्तो सांगीनची. मी चोरली. नाव माझं लावलं, ते खोटं." बायका रडल्या. सफरमोच्या छातीवरचा दगड हलला. इतक्या वर्षांनी दार वाजलं होतं, आणि वाट बघणारा मात्र घरात नव्हता. तिनं डोळे पुसले, फळ कापलं, निम्मं खाल्लं. नुसतं गोड पाणी.

"एवढ्यावर भागत नाही," मिर्झोनबोत म्हणाला. "चला सगळे खाली."

बागेच्या तोंडाशी नवा दगड उभा केला होता. त्यावर कोरलं होतं: उस्तो सांगीनची बाग. कलमं त्यांची लेक सफरमो हिच्या हातची.

गावानं वाहवा केली. सफरमोची नजर मात्र पुढे गेली. दगडाच्या मागे ती सगळी झाडं उभी होती, फळांनी वाकलेली, आणि दगडावर तिच्या बापाचं नाव होतं. ही झाडं पडतील तेव्हा खोरं म्हणेल, सांगीनची बाग पडली. सांगीनच्या लेकीची कलमं मोडली.

मिर्झोनबोत तिच्याजवळ सरकला. लोकांना वाटलं, माफी मागतोय.

"सांध्यावर गाठ धरलीय, बहिणी," तो हळूच म्हणाला. "माझी मोडली होती तेव्हा अशीच धरली होती. मधे तू काही घातलंच नाहीस. उस्तोंनी मलाही थोडंफार शिकवलंय. माझ्या नावावर होती तोवर तू मजेत बघत बसली असतीस. आता तुझ्या बापाच्या नावावर आहे. बघ काय करायचं ते."

"कुत्र्या," सफरमो म्हणाली. तोंडावर हसू तसंच ठेवून म्हणाली, कारण गाव बघत होता.

हिवाळाभर तिला धड झोप लागली नाही. वारा सुटला की ती उठून बसायची. ज्या वाऱ्याची इतकी वर्षं वाट पाहिली त्यालाच आता हात जोडायची पाळी आली. वसंतात रस चढायला लागला तशी ती डोंगरात गेली, रानटी नाशपातीची रोपं मुळासकट खणून आणली, आणि मिर्झोनबोतच्या बागेत प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी दोन-दोन लावायला घेतली. रोपाचा शेंडा तिरका तासायचा, सांध्याच्या वर सालीत खोचायचा, घट्ट बांधायचा. चार-पाच वर्षांत ती रोपं जाड होतात आणि झाड बेहीला सोडून त्यांच्यावर उभं राहतं. कंबर मोडणारं काम. दुवा वगैरे काही नाही, या वेळी ती मोठ्यानं शिव्या देत होती.

मिर्झोनबोत चहाची किटली घेऊन आला. फार खुशीत होता.

"दमलीस? घे, आता तरी पी माझ्या घरचा. बाग माझी शंभर वर्षं टिकणार म्हणायची."

"टिकेल की." सफरमोनं पियाला घेतला आणि सावकाश घोट घेतला. "फळ मात्र बदलेल हं. मूळ रानटीचं झालं की मुठीएवढं येईल. रवाळ, तुरट, करडं. तुझा दुशान्बेचा व्यापारी त्याच्याकडे ढुंकून बघायचा नाही."

किटली थांबली.

"पण तलकोन होईल एक नंबर," ती पुढे म्हणाली. "काल बीबी रुखशोना येऊन बघून गेली. म्हणाली, मूळ धरलं की याच बागेचं नाव सांगेन सगळ्या खोऱ्याला. प्रत्येक बाळंतिणीच्या घरचं माणूस तुझ्या दारात येईल, मडकं घेऊन. नाही म्हणता येत नाही, मोलही घेता येत नाही. ठाऊक आहे ना रिवाज, की तोही विसरलास?"

मिर्झोनबोत बागेकडे बघत राहिला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती रोपं उपटून टाकावीत असं त्याच्या मनात आलं असणार. पण उपटली तर झाडं पडणार, आणि ठेवली तर फुकट वाटत बसायचं, तेही मरेपर्यंत, दगडावरच्या दुसऱ्याच्या नावानं.

सफरमोनं पियाला उपडा केला आणि सुरी पुसली.

"उभा काय राहिलास, शागीर्द? रोपं संपली. उद्या सकाळी तुझं गाढव पाठव, डोंगरातून आणखी आणायचीत."