खारघरच्या डोंगरावरची खाच

काळूराम आमच्या पतपेढीत अठरा वर्षं शिपाई होते. पनवेलच्या बाजारपेठेतल्या आमच्या दोन खोल्या ते सकाळी नऊला उघडत आणि संध्याकाळी सहाला बंद करत. मी तिथला हिशेबनीस. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःहून काही मागितलेलं मला आठवत नाही. त्यामुळे निवृत्त होऊन सात वर्षं झाल्यावर, गेल्या मार्गशीर्षात, ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मना तुमचा एक दिवस देता का?" तेव्हा मी हातातला कागद बाजूला ठेवला.

"कुठं जायचंय?"

"खारघरच्या डोंगरावर."

"या वयात, काळूराम?"

"मग कंच्या वयात? डाक्टर बोलला, डावा गेला. उजवा बी सालभरात जाईल."

त्यांना काचबिंदू झाला होता. मला ते ठाऊक नव्हतं.

काळूराम मूळचे पनवेलच्या खाडीवरचे कोळी. त्यांचं गाव विमानतळात गेलं आणि ते पुनर्वसनाच्या प्लॉटवर राहायला आले. पण मासेमारी त्यांनी त्याच्या कितीतरी आधी सोडली होती, आणि का सोडली ते पतपेढीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा आनंदा एकोणीस वर्षांचा असताना खाडीत बुडाला. बापलेक होडीत होते. जाळं पाण्याखाली कशाला तरी अडकलं, ते सोडवायला आनंदाने बुडी मारली आणि तो वर आला नाही. तीन दिवस शोधूनही तो सापडला नाही.

त्या दिवशी टेबलाशी बसून त्यांनी मला एक गोष्ट नव्याने सांगितली. मुलगा वर येत नाही हे कळल्यावर त्यांनी आधी पाण्यात उडी घेतली नाही. आधी मान वर करून खुणा घेतल्या.

"पाण्यावर जागा ध्यानात ठेवायची तर जमिनीवरच्या खुणा जुळवाव्या लागतात," ते म्हणाले. "कर्नाळ्याचा सुळका उलव्याच्या टेकडीच्या बरोबर माथ्यावर आला पायजे. आन् दुसऱ्या अंगाला खारघरच्या डोंगराची खाच आमच्या देवळाच्या शेंड्यावर. दोन्ही जुळलं की तीच जागा. पोरगा खाली, आन् मी डोंगर बघत व्हतो. दोन पळं गेली असतील त्यात."

ती दोन पळं ते सव्वीस वर्षं मोजत आले असावेत.

दर वर्षी मार्गशीर्ष वद्य अष्टमीला ते आणि त्यांची बायको दमयंती कुणाची तरी होडी मागून घेत, खुणा जुळवून त्या जागी जात आणि पाण्यात नारळ सोडत. पुढे विमानतळाचं काम सुरू झालं. खाडीत भराव पडले, पाण्याची वाट बदलली, तिथं होडी न्यायला बंदी आली. तेव्हापासून ते नारळ उरणच्या धक्क्यावरून सोडतात. दमयंतीवहिनींना ते पटत नाही. त्यांचं म्हणणं एकच : पोरगा आहे एकीकडे आणि नारळ जातो दुसरीकडे.

"तिला येवढंच पायजे," काळूराम म्हणाले. "त्या जागी अजून पानी हाय का भराव पडला. पानी असंल तर ती गप र्‍हाईल. खालून तर पत्रे ठोकलेत, काय दिसत नाय. वरून दिसंल. टेकडी कापली, देऊळ गेलं, पण ती खाच हाय ना! डोंगराला कोन हात लावतो? त्या खाचेत उभं र्‍हायचं आन् सरळ खाली बघायचं. पन मना धड दिसनार नाय. मी सांगीन, तुमी बघायचं."

अष्टमीला मी रजा टाकली. सकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी बाजारात निघायच्या तयारीत होत्या. डोक्यावर मासळीची पाटी, कमरेला पैशांची पिशवी.

"भाऊ, संभाळून न्या," त्या मला म्हणाल्या. "सालभर जिना चढताना रडत्यात, आन् निघाले डोंगराला!"

"तू चल मंग," काळूराम म्हणाले.

"मी आलू तर ही पापलेटं काय सोताच बाजारात जातील?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "नीट बघा मात्र. मना खरं काय ते येऊन सांगा."

मी रिक्षा करू म्हटलं, तर काळूराम बसस्टॉपकडे चालू लागले. रिक्षाचे पैसे मी देतो म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "काम माजं, पैसा तुमचा, असं कसं?" खारघरपर्यंत बस, तिथून ओवे गावाच्या अंगाने पायथ्यापर्यंत चालत. खर्च म्हणाल तर दोन तिकिटं. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वहिनींनी दिली होती, पाण्याच्या बाटल्या माझ्या घरच्या.

चढ मोठा नाही. रविवारी तिथं तरुण मुलं धावत चढतात. आम्हाला अडीच तास लागले. काळूराम माझ्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरून मागून येत होते. दर वळणावर थांबून विचारत, "आता काय दिसतं?" मी सांगत होतो : इमारती, गोल्फचं हिरवं मैदान, मेट्रोचे खांब. ते "बरं, बरं" म्हणत आणि पुन्हा चालू लागत.

माथ्यावर आलो तेव्हा अकरा वाजले होते. उन्हाने गवत पिवळं पडलं होतं. एका झाडाखाली एक ठाकर बाई बोरं आणि आवळ्यांचे वाटे मांडून बसली होती.

"पोचलो साहेब? आता खाचेत चला," काळूराम म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

मी आजूबाजूला पाहिलं. खाच कुठं दिसेना. समोर रुंद माळ पसरला होता, मध्ये पायवाटा, पलीकडे एका पाड्याची घरं. जमीन इतकी हळूहळू उतरून पुन्हा चढत होती की कुठं उतरते तेही कळत नव्हतं. मी त्या बाईला विचारलं, "मावशी, इथली खाच कुठं आहे?"

"कसली खाच?"

"डोंगराची. खाडीतून दिसते ती."

"मी कुठं गेले खाडीत?" बाई हसली. "इथं सगळा माळच हाय. या टोकापासून त्या टोकाला जायला माजा अर्धा तास जातो."

मी काळूरामना ते जसंच्या तसं सांगितलं. मग त्यांनी हात पुढे केला, एक डोळा मिटला आणि करंगळी हवेत धरली.

"येवढी व्हती साहेब. करंगळीयेवढी. जाळं टाकायचं तर करंगळी लावून बघायचो आमी."

पन्नासएक वर्षं त्यांनी हा डोंगर पाण्यावरून पाहिला होता. त्यावर पाय ठेवायची गरज त्यांना कधी पडली नव्हती. खालून करंगळीत मावणारी खाच वर अर्ध्या तासाची वाट असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. खरं तर माझ्याही आलं नव्हतं.

आम्ही कड्याच्या बाजूला गेलो. खाली सगळं स्वच्छ दिसत होतं. विमानतळाची धावपट्टी, भरावाची तांबडी सपाटी, सरळ रेषेत कापलेला नवा पाण्याचा पाट, पलीकडे उरण-द्रोणागिरीकडचा धूर. दूर कर्नाळ्याचा सुळका होता. त्याच्यापुढे टेकडी असायला हवी होती, तिथं नुसती सपाटी होती.

"पानी दिसतं?"

"पुष्कळ ठिकाणी दिसतं, काळूराम."

"आन् भराव?"

"तोही पुष्कळ."

"मधल्या अंगाला काय हाय?"

मी डावीकडे शंभर पावलं गेलो, तिथून पाहिलं. उजवीकडे गेलो, पाहिलं. एका जागेवरून समोर पाणी येत होतं, दुसऱ्या जागेवरून धावपट्टी. त्या दोन्हींतली खरी जागा कोणती, हे सांगणारं आता काहीच उरलं नव्हतं. आयुष्यभर मी हिशेबाच्या दोन बाजू जुळल्याशिवाय सही केलेली नाही. मी परत येऊन म्हणालो, "जुळत नाही. मला सांगता येणार नाही."

ते खाली बसले. भाकरी सोडली, मला दिली, स्वतः खाल्ली नाही. मग म्हणाले, "मंग मी तवा बघत बसलो ते कशाला?"

ठाकर बाईने न मागता दोन आवळे आणून त्यांच्या हातावर ठेवले. उतरताना त्यांनी काय दिसतं ते एकदाही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा वहिनी बाजारातून येऊन दारातच बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या नाहीत.

"काय झालं?"

काळूराम ओट्यावर टेकले आणि अगदी सहज म्हणाले, "पानी हाय. अजून पानीच हाय तिथं."

वहिनींनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडून त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी बघितलं? तुमी सांगा."

काळूराम माझ्या दिशेने पाहत होते, पण त्यांची नजर माझ्या खांद्याच्या बाजूने पलीकडे जात होती.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "पाणी आहे."

त्या उठल्या, आत जाऊन मला पाणी घेऊन आल्या. पेला हातात देताना त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मी खाली पाहिलं.

"मंग पुढच्या अष्टमीला मना बी न्या," त्या म्हणाल्या. "एक दिस बाजार नाय केला तर काय बिघडत नाय. यांना नसंल दिसत, माजे डोळे चांगले हायेत. कुठं बघायचं ते तुमी फकस्त बोट करून दाखवा."