वाळवणाची जागा

बोंबील वाळत घालताना दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी आडव्या बांबूवर टांगतात. काल किनाऱ्यावर एक कोळीण हे इतक्या सहज करत होती, की मी बघतच राहिलो. वाऱ्यावर सगळा किनारा रुपेरी हलत होता.

याच किनाऱ्याचा आराखडा मी केला. भरती कुठवर येते, खारफुटी कुठे आहे, सगळं नीट मोजून. पण मोजणीला आलो तो आषाढात. मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, वाळवणाचे बांबू काढून घरात ठेवलेले. समोर नुसती ओली वाळू. शेजारच्या घरात विचारलं असतं तरी कळलं असतं. विचारलं नाही, दुपारची एसटी गाठायची होती.

"तुम्हीच ना ते नकाशावाले साहेब?" हात न थांबवता तिनं विचारलं. "आमची ही जागा दाखवलीय ना त्यात?"

"दाखवलीय," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. नकाशात ती जागा आहे. तिच्यावर मीच लिहिलंय: 'मोकळी जमीन, वाहनतळासाठी योग्य.'

तिनं समाधानानं मान हलवली आणि मला जाता यावं म्हणून टांगलेले बोंबील हातानं बाजूला धरले.