क्लचमास्तरांचा डावा पाय

गाडी शिकवणाऱ्या या गृहस्थांना सगळी वस्ती क्लचमास्तर म्हणते. शिकाऊ माणसाने गिअरला हात घातला की ते "क्लच!" असं ओरडतात, आणि ते चौकातल्या शिंप्यालाही ऐकू जातं. त्यांची गाडी त्यांच्या लग्नाआधीची. चोक ओढायचा, हात बाहेर काढून वळण दाखवायचं, दार दोनदा आपटायचं.

त्यांची लेक क्लासमध्ये शिकवायला आली ती विजेवरची गाडी घेऊनच. ना गिअर, ना क्लच, ना आवाज. पत्र्याच्या शेडमध्ये जागा मात्र एकाच गाडीची, आणि जुनी उघड्यावर राहिली तर गंजून संपणार. शेवटी पैज लागली. गाड्यांची अदलाबदल करायची, पाण्याच्या टाकीचा चढ चढायचा, मधे एकदा थांबायचं. जो गचका न देता वर पोचेल, शेड त्याची. पंच म्हणून शिंपी मागच्या सीटवर बसला.

आधी मास्तर नव्या गाडीत.

"चालू झाली का गं?"

"कधीच झाली, बाबा."

गाडी सुसाट निघाली. "अगं, ही तर उडतेय!" मास्तर खुशीत ओरडले. मधे थांबायची खूण आली आणि सवयीने डावा पाय क्लच दाबायला जोरात खाली गेला. तिथे ब्रेक होता. शिंप्याचं नाक पुढच्या सीटवर आपटलं.

"मास्तर, टाके घालणं माझा धंदा आहे, घालून घेणं नव्हे!"

मग लेक जुन्या गाडीत. चढाच्या मधोमध ती थांबली, हँडब्रेक ओढला. शेजारी मास्तरांनी स्वतःचंच तोंड दाबून धरलं. तिने क्लच अलगद सोडला, इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट जरासं उचललं, आणि गाडी गुरगुरत वर निघाली. गचका नाही. शिंप्याने शिट्टी मारली.

"बाबा, काय गाडी आहे ही! चला, खाली जाऊन पुन्हा चढू!"

"शेड तुझी," मास्तर म्हणाले. शब्दाला पक्के.

"माझी ना? मग आत ही राहील. माझ्या गाडीला बाहेर काय धाड भरलीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी गाडी पुन्हा चढावर दिसली. स्टिअरिंगवर मास्तर, डावा पाय सीटवर दुमडून घेतलेला. शेजारी लेक. थांबायची खूण आली तसा तो पाय खाली सरकू लागला.

"बाबा, पाय!"

चौकात शिंप्याला ते स्पष्ट ऐकू गेलं.