येते हां

आत्या कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाल्या तरी दार ओढून घेताना त्याला सांगायच्या, "येते हां." आत कुणी नसायचं. मुलगा आणि सून नोकरीला गेलेले. मी पुण्याहून करंजाड्यात नुकतीच आलेली, त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये. म्हातारीला भास होतात, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. दुसऱ्याबद्दल मत बनवायला मला वेळ लागत नाही.

साऱ्या मजल्याच्या त्या आत्या. त्यांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं होतं. मिठागरात राबलेले त्यांचे हात कधी रिकामे दिसले नाहीत. शनिवारी दुपारी चारला त्या सुपात सुकट घेऊन माझ्याकडे निवडायला यायच्या. माझ्या पुणेरी नाकाला तो वास सोसायला महिना लागला. नंतर नंतर शुक्रवारपासूनच मी त्यांची वाट बघायला लागले.

त्या वेळी मी एक नवी इंग्रजी कादंबरी वाचत होते. लिहिलेली अलीकडची, थाट मात्र जुन्या भयकथांचा. समुद्राकाठी तीस खोल्यांचं घर, तिथे एकटी राहायला आलेली बाई, भिंतींतून येणारे आवाज. आत्यांना ती मी वाक्यावाक्याचं मराठी करून सांगायची. तीस खोल्या ऐकून त्या म्हणाल्या, "येवढ्या झाडतं कोन?" भिंतीवर ओल उमटली तेव्हा म्हणाल्या, "भूत परवडला बाय, ओल नाय परवडत." घाबरावं म्हणून मी पुस्तक आणलं होतं आणि हसून हसून माझी पुरेवाट व्हायची.

एका शनिवारी ती बाई घर सोडून निघाली. मी भराभर मराठी केलं, "उंबऱ्यावर थांबून ती घराला म्हणाली, जाते मी."

आत्यांचे हात थांबले. "जाते? नीट बघ. येते बोलली असंल."

"नाही हो, जातेच."

"शहानी हाय," त्या म्हणाल्या. "मी चुकली. टेम्पो भरला, दाराला कडी लावली, आन सवयीनं बोलून गेली, येते हां. दुसऱ्या दिवशी घरावर मशीन फिरली. घराला काय ठाव, विमान येनार हाय ते? ता अजून वाट बघताय. दुपारची कडी वाजते, मी ऐकते."

आमच्या इमारतीत एकाही दाराला कडी नाही, सगळीकडे लॅच. हे मी सांगणार, तोच त्यांच्या बंद फ्लॅटमधून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला. आत्या शांतपणे सुकट निवडत होत्या. "तेवढाच सांग," त्या म्हणाल्या, "शेवटाला घर तिला सोडतं का नाय?"

त्यांच्यासाठी मी पुढचं आधीच वाचून काढलं. घर तिला सोडत नाही. ती परत येते आणि दार आतून बंद होतं. शेवटचं प्रकरण मी टाळत राहिले. आज घसा बसलाय, आज काम आहे. डोक्यावरून विमान गेलं की सगळे वर बघतात, आत्या खाली बघायच्या. ते मला बघवेना.

मग एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मुलाने त्यांना खुर्चीत बसवून लिफ्टपाशी आणलं. त्यांनी माझा हात धरला. "शेवट राह्यला गो. सोडलं का?"

"सोडलं, आत्या," मी म्हणाले. "घराने तिला सोडलं."

त्या हसल्या. मान वळवून आपल्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंग जाते."

"असं नाही म्हणायचं! येते म्हणा."

"नको. तू वाट बघत बसशील."

चौथ्या दिवशी त्या गेल्या. ते पुस्तक मी पुन्हा उघडलेलं नाही. खोटं बोलले याचं वाईट वाटत नाही, त्या खोट्यावर त्यांनी विश्वास ठेवला याचं वाटतं. शनिवारी चारला मी माझं दार उघडं टाकून बसते आणि समोरच्या कडीचा आवाज येतो का ऐकते. अजून एकदाही आलेला नाही.