धाकटीला आमंत्रण

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिला सगळे ‘इस्त्रीबाई’ म्हणत. चादरींना इस्त्री करणं हे तिचं काम होतंच, पण नाव पडलं ते स्वभावावरून. मान ताठ, बोलणं कडक, आणि मनात एकदा घडी पडली की ती मोडायची नाही.

नवरा गेला तेव्हा मुलगा जेमतेम रांगत होता. लॉन्ड्रीतली नोकरी मिळाली, पण रात्रपाळीची. धाकटी बहीण तेव्हा आपणहून म्हणाली, “ताई, पोराला माझ्याकडे राहू दे. तुझी पाळी बदलली की घेऊन जा.” धाकटीला मूलबाळ नव्हतं. तिच्या नवऱ्याचं सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं, मागे दोन खोल्या. मुलगा तिथे वाढू लागला. इस्त्रीबाई सुट्टीच्या दिवशी जायची, खाऊ द्यायची, बसल्या बसल्या पेंगायची आणि परत यायची.

पाळी बदलायला काही वर्षं गेली. दिवसपाळीचा हुकूम हातात पडला तशी ती तडक बहिणीकडे गेली. मुलगा दारातच खेळत होता. तिला बघून त्याने आत हाक मारली, “आई, मावशी आली गं!”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. धाकटी हात पुसत बाहेर आली, तर ही सगळ्या दुकानासमोर म्हणाली, “तुला स्वतःचं झालं नाही, म्हणून माझं लाटायला निघालीस?”

धाकटीने आत जाऊन पोराचे कपडे पिशवीत भरून दिले. तिथून जाणं-येणं तुटलं ते तुटलंच.

आता त्याच मुलाचं लग्न ठरलं होतं. घराला रंग लागत होता, कपाटं भिंतीपासून ओढून मधोमध ठेवली होती, आणि इस्त्रीबाई आनंदाने नुसती भिरभिरत होती. होणारी सून औषधांच्या दुकानात काम करायची. पोरगी मोकळ्या मनाची, तोंडाचा पट्टा सतत चालू. एका संध्याकाळी पडदे लावायला मदत करताना तिने विचारलं, “आई, हा लहानपणी कसा होता हो?”

“होता... चारचौघांसारखाच.”

“आणि पहिला शब्द काय बोलला?”

“दूध उतू जातंय वाटतं,” असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर काहीच नव्हतं. ओट्याला धरून ती थोडा वेळ उभी राहिली.

बाहेर आली तर पुढचा प्रश्न तयारच. “त्याच्या हनुवटीखाली ती खूण कसली?”

“पडला असेल कधीतरी.”

“पडला *असेल*?” पोरगी सहज हसली. तिच्या मनात काही नव्हतं. पण इस्त्रीबाईला ते हसू फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती मुलाला म्हणाली, “आज धाकटीला बोलावून येते. लग्नाला.”

मुलाने कप खाली ठेवला. “मी येऊ बरोबर? ती आता त्या घरात नसते. पिठाच्या गिरणीच्या वर खोली घेतलीये.”

“तुला काय ठाऊक?”

तो खाली बघत राहिला. “मी जातो आई. पहिल्यापासून. शाळा सुटली की जायचो. काका गेले तेव्हाही मी तिथेच होतो.”

मेहुणा गेल्याचं तिला आत्ता कळत होतं, तेही स्वतःच्या मुलाकडून.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला वाईट वाटलं असतं,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. एवढ्याशा पोराला आपण आपल्या भीतीने खोटं बोलायला शिकवलं, आणि त्याने ते इतकी वर्षं मुकाट निभावलं.

ती एकटीच गेली. गिरणीच्या हादऱ्याने जिना थरथरत होता, कठड्यावर पिठाची धूळ बसली होती. धाकटीने दार उघडलं. केस पांढरे झाले होते. “ये ताई,” ती म्हणाली, जणू काल भेटली होती.

“मी तेव्हा जे बोलले...” इस्त्रीबाईने सुरुवात केली.

“चहा टाकते.”

“नाही, मला बोलू दे.”

“ताई, तू बोलशील आणि मोकळी होशील. मी ते वाक्य उशाशी घेऊन झोपलेय. ते एका दुपारीत जायचं नाही. राहू दे.”

चहा झाला. जरा वेळाने इस्त्रीबाईने चाचरत विचारलं, “त्याच्या हनुवटीला काय झालं होतं गं?”

धाकटीचा चेहरा उजळला. “चाकात तोंड घालायला गेला मेला! टाके पडले. तो नाही रडला, मीच रडले.”

“कुठे नेलंत त्याला?”

“तुझ्याच हॉस्पिटलात, रात्रीचं. तू खाली लॉन्ड्रीत होतीस.”

“मग मला हाक का नाही मारलीस?”

“नवी नोकरी होती तुझी. काम टाकून वर धावत आली असतीस.”

इस्त्रीबाईने पदर तोंडाला लावला. मुलाला वर टाके पडत होते, आणि आपण खाली दुसऱ्यांच्या चादरींच्या सुरकुत्या काढत होतो.

निघताना इस्त्रीबाईने लग्नाचं आमंत्रण दिलं, आणि धाकटी लग्नाला आली. मुलाने तिला लग्नाचं आधीच सांगितलं होतं, पण ताईने बोलावलं तरच जायचं, असं तिने ठरवलं होतं. ती मागच्या रांगेत बसली. इस्त्रीबाईने हाताला धरून तिला पुढे आणलं, आपल्या शेजारी बसवलं आणि सुनेच्या माहेरच्यांना म्हणाली, “याला हिने वाढवलं.” एवढंच म्हणायला जमलं. धाकटीने मान खाली घातली, पण हात काढून घेतला नाही.

पुढे जाणं-येणं सुरू झालं. गुडघ्यांच्या, भाजीच्या, सुनेच्या गप्पा व्हायच्या. इस्त्रीबाई मुलाच्या लहानपणाचं काही ना काही विचारायची, आणि परक्याच्या मुलाची गोष्ट ऐकावी तशी ऐकत राहायची. “आज राहा ना गं,” असं ती दर वेळी म्हणायची. धाकटी हसून पिशवी उचलायची आणि उजेड आहे तोवर आपल्या खोलीकडे निघायची.