चिंचोक्याची खळ

वडिलांची घोंगडी मी वॉशिंग मशीनमध्ये घातली. ते जाऊन वर्ष झालं होतं. सांगलीच्या फ्लॅटमध्ये ती कपाटात पडून होती आणि तिला कसर लागू नये, एवढाच माझा हेतू होता. शिकलेली माणसं चुका करतात त्या अशा, काळजीपोटी.

बाहेर आली ती वीतभर आटून आणि मांजरासारखी मऊ होऊन. घरातल्यांनी हात फिरवून कौतुक केलं. ही घोंगडी जन्मभर टोचत आली होती. लहानपणी वडिलांशेजारी पडलं की मानेला टोचायची, पोटऱ्यांना टोचायची, आणि तिला मेंढ्यांचा, चुलीच्या धुराचा, त्यांच्या तंबाखूचा वास यायचा. आता जाहिरातीतल्या फुलांचा येत होता.

ती विणणारे म्हातारे कवठे महांकाळच्या बाजूला राहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. घोंगडी पिशवीत घालून एसटीनं गेलो. वाटेत बांधाकडेला टाकून दिलेल्या लोकरीचे ढीग दिसले. मेंढ्या आता मटणासाठी पाळतात. कातरलेली लोकर कुणी फुकटसुद्धा नेत नाही.

दारात मामी म्हणाल्या, "त्यास्नी सत्काराला नेलंय. गाडी आलती."

तालुक्याला लोकर उद्योगाच्या विकासाचा मेळावा होता. मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. पाहुण्यांनी आपली लोकर जगाच्या बाजारात नेली आणि भाषण संपलं तरी परत आणली नाही. बांधावरच्या ढिगांचा विषय निघाला नाही. शेवटी मामांना काठी आणि घोंगडी देऊन गौरवलं. मोठ्या माणसाच्या खांद्यावर घोंगडी टाकायची आमच्याकडची रीतच आहे. ही मात्र गिरणीतली होती, परराज्यातून आलेली. फोटो होईपर्यंत मामांनी ती अंगावर ठेवली आणि तिचा काठ अंगठ्यानं चोळून पाहिला. सवय, दुसरं काय.

ते खाली उतरल्यावर मी पिशवी उघडली. त्यांनी घोंगडी नाकाला लावली आणि हसायलाच लागले.

"आवं, घोंगडीला कुनी साबण लावतं व्हय? मशिनीत घातली आसंल."

"घातली," मी म्हणालो.

"तरीच. शिकल्यालं दिसताय."

"पूर्वीसारखी होईल का?"

"आटली ती आटलीच. खळ लावतो. ताठ हुईल, टोचंल बी."

त्यांच्या घरी, विणताना पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर टीव्ही ठेवला होता. सूत कातणाऱ्या बायका एकेक करून वारल्या होत्या. माग कुणासाठी उघडा ठेवायचा, असं मामी म्हणाल्या. त्यांनी चिंचोक्याचं पीठ शिजवून दाट खळ केली. मामांनी अंगणात खुंट्या ठोकून घोंगडी ताणली. मग सत्काराची घोंगडी घडी करून जमिनीवर ठेवली, तिच्यावर गुडघे टेकले आणि कुंच्यानं खळ लावायला लागले.

"कवातरी कामाला आली," ते म्हणाले.

मी विचारलंच, "मामा, वासाचं काय?"

"त्यो खळीत नसतोय. वापरा. दोन पावसाळं अंगावर घ्या, येतोय वास."

"वडिलांचा?"

त्यांनी कुंचा बादलीत बुडवला, निथळू दिला.

"त्यांचा कसा यील? तुमचा यील की."

घोंगडी आता माझ्या कॉटवर असते. ताठ आहे, इतकी की घडी घालताना कुरकुरते. दुपारी तिच्यावर पडतो तेव्हा पाय बाहेर राहतात, पण मानेला टोचतं ते अगदी जुन्या जागी. मग मी नाक लावून पाहतो. अजून चिंचोक्याचाच वास आहे. तंबाखू मी कधी खाल्ली नाही, त्यामुळे फार आशा धरण्यात अर्थ नाही. तरी रोज पाहतो.