सूक चिनच्या आरशावरचे दिवे

सूक चिनचं पार्लर म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. मलेशियातल्या ताइपिंगच्या त्या गल्लीतल्या बायका केस कापायला, धुवायला आणि मुख्य म्हणजे रंगवायला तिच्याकडेच यायच्या. हे घर घेतलं तेव्हा तिने नवऱ्याकडे, तेक बेंगकडे, एकच हट्ट धरला होता: आरशावर हॉटेलात असतात तसे हॅलोजनचे दिवे हवेत. तेक बेंग तेव्हा बसडेपोत मेकॅनिक होता. त्याने प्लास्टरचं खोटं छत करून घेतलं आणि त्यात दिव्यांची रांग बसवली. त्या पिवळ्या उजेडात खुर्चीतली बाई अशी काही उजळून दिसायची, की सूक चिनचं नाव झालं ते तिथूनच.

उजेडाबरोबर धगही होती. एसी लावला तरी टाळूवर ऊन पडल्यासारखं वाटायचं. पण दिवे बदलावेत असं तिच्या मनात कधी आलं नाही.

एकदा चिनी नवं वर्ष तोंडावर आलेलं, पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि जळका वास सुटला. आधी तिला वाटलं ड्रायरच जळतोय. मग वर पाहिलं, तर एका दिव्याभोवती छत तपकिरी पडलेलं.

वायरमन कदिरेसन शिडी घेऊन आला. दिवा खाली ओढला तसा होल्डरचा भुगा त्याच्या हातात आला.

"आंटी, हे बघा. वायरीचा पार कोळसा झालाय. तुम्ही केस रंगवताय का भाजताय?"

"बडबड पुरे. उद्या बायका यायच्यात. आज होईल का ते सांग."

"होईल. पण हॅलोजन नका परत लावू. एलईडी घ्या. वीज कितीतरी कमी लागते, आणि असा तापत नाही. पांढरे हवेत का पिवळे?"

"पांढरे. स्वच्छ वाटतं."

जुन्या ट्रान्सफॉर्मरवर नवे दिवे लुकलुकतील म्हणून त्याने ते ट्रान्सफॉर्मरही काढून टाकले. संध्याकाळपर्यंत खोली दवाखान्यासारखी लख्ख झाली.

दुसऱ्या दिवशी पहिली आली स्वी इम. शाळेत कारकून होती, आता निवृत्त. पार्लरचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. खुर्चीत बसली आणि आरशात पाहिलं.

"ही कोण?" तिने विचारलं.

"तूच. दुसरी कोण असणार?"

"मी नाही. ही माझी सासू आहे."

सूक चिन हसली. स्वी इम हसली नाही. "सणासुदीला हे काय दाखवतेस मला? सुरकुत्या बघायला आलेय का मी?"

तेवढ्यात सूक चिनचं लक्ष तिच्या केसांकडे गेलं. केस लाल होते. विटेसारखे. त्या दिवशी जी जी आली तिच्या डोक्यावर तीच झाक. कारण सूक चिनला लगेच उमगलं. पिवळ्या उजेडात नुसता काळा रंग निर्जीव दिसतो, म्हणून ती पहिल्यापासून त्यात थोडा तांबूस मिसळायची. दिव्याखाली तो बरोबर बसायचा. बाहेर कसा दिसतो, ते तिने कधी निरखून पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी तेक बेंग कॉफी पीत बसला होता.

"काय रे, माझ्या बायकांचे केस लाल दिसतात का?"

"दिसतात की. बाजारात पाठमोरी बाई दिसली तरी कळतं, तुझ्याकडची आहे."

"मग इतकी वर्षं तोंड का शिवलं होतंस?"

"मला वाटलं फॅशन आहे."

ती जेवली नाही. त्याच डोक्यांनी बायका लग्नांना गेल्या होत्या, फोटोत उभ्या राहिल्या होत्या. कुणाला कळलं नव्हतं, की सगळ्यांनी तिची भीड ठेवली होती? यातलं कुठलं जास्त लागावं, तेच तिला ठरवता येईना.

तिने कदिरेसनला पुन्हा बोलावलं. आरशावर पिवळे एलईडी लावून घेतले. रंग कालवायच्या टेबलावर तेवढा पांढरा ठेवला.

"मी तेव्हाच विचारलं होतं, आंटी."

"विचारलं होतंस. सांगितलं नव्हतंस."

मग तिने एकेकीला फोन केला आणि सरळ सांगून टाकलं, रंग माझ्याकडून चुकत होता, या, पुन्हा लावून देते, पैसे नकोत. बहुतेक जणी आल्या. काहींना सगळं ठाऊक होतं.

स्वी इम बरेच आढेवेढे घेऊन आली. आरशात स्वतःला पाहून जरा निवळली. पण वाटीतला रंग दिसताच तिचे डोळे मोठे झाले.

"हा काळा कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. आधीचा चुकीचा होता."

"असेल चुकीचा. आता तोच माझा आहे. काळं डोकं घेऊन सणाला गेले तर बहिणी म्हणतील, हिला म्हातारपणी चळ लागला."

सूक चिन टेबलापाशी गेली. पांढऱ्या दिव्याखाली वाटीत तांबूस पिळला, नीट बघून आणखी थोडा पिळला आणि तो विटकरी रंग घेऊन परत आली.

शेजारच्या सरोजिनी टीचर तेवढ्या वेगळ्या निघाल्या. टेबलावरच्या पांढऱ्या उजेडात त्यांनी केसांची पिकलेली मुळं पाहिली आणि म्हणाल्या, "राहू दे आता असेच." तेव्हापासून त्या फक्त केस धुवायला येतात आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बसतात.